मुलाखतीच्या खुर्चीत सरळ बसताना

आमच्या घरात सगळे ठेंगणे. अप्पा, आई, दादा, यांपैकी कुणाचंही डोकं कधी दाराच्या चौकटीला लागलं नाही. माझं लागायचं. शाळा संपायच्या आत मी अप्पांच्या वर गेले, कॉलेजात दादालाही मागं टाकलं आणि सहा फुटांना थोडीशी कमी असताना कशीबशी थांबले. हुबळीच्या दाजीबानपेठेत खाली आमचं साड्यांचं दुकान आणि वर घर. मधला जिना अरुंद, त्याच्यावरची तुळई खाली आलेली. बाकी सगळे तिच्याखालून सहज वर-खाली करायचे. मी एकटी मान खाली घालून जायची.

पण तुळईपेक्षा मला जास्त वाकवलं ते आईनं, आणि तेही फार मायेनं.

"जरा वाकून उभी राहा गं," ती हळूच म्हणायची. लग्नात फोटो काढताना म्हणायची, देवळातल्या रांगेत हातानं खाली खुणावत म्हणायची, पाहुणे आले की स्वयंपाकघराच्या दारातून नुसत्या डोळ्यांनी म्हणायची. चपला घ्यायला गेलो की दुकानदाराला आधीच सांगून ठेवायची, "टाच नको. एकदम सपाट दाखवा." मला त्याचा जाच वाटला असं नाही. आपण उंच आहोत, त्यामुळं बाकीच्यांना थोडी अडचण होते आणि ती आपण कमी करायला पाहिजे, एवढं मला कळत होतं. खांदे पुढं, मान खाली, हात ओढणीच्या आत. कॉलेज संपेपर्यंत ती माझी ठेवणच झाली.

गणितात मात्र मी चांगली होते. एम.एस्सी. झाले, बी.एड. केलं आणि नोकरी लागेपर्यंत घरीच शिकवण्या सुरू केल्या. माडीवर सतरंजी टाकून मुलं बसायची, त्यांच्यासोबत मीही खालीच बसायची. तिथं मी अगदी मोकळी असायची. हातवारे करून शिकवायची, हसायची, ओरडायची. मराठीत सुरू केलेलं वाक्य कन्नडमध्ये संपायचं आणि ते कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. मुलांच्या आया जिन्यात भेटल्या की सांगायच्या, "तुमच्याकडं यायला लागल्यापासून पोराची गणिताची भीती गेली बघा."

मुलाखतीला गेले की सतरंजीवरची ही बाई कुठं जायची कोण जाणे.

पहिली मुलाखत हुबळीतल्याच एका शाळेत झाली. मी खुर्चीच्या कडेवर बसले, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि सगळी उत्तरं टेबलाच्या काचेला दिली. उत्तरं बरोबर होती. नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. दुसऱ्या शाळेतही तसंच झालं. तिसरी मुलाखत एका कॉलेजात होती आणि तिथं फळ्यावर शिकवून दाखवायचं होतं. मी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात लिहीत राहिले, वरचा अर्धा कोराच. मुलाखत घेणाऱ्यांपैकी एक वयस्क गृहस्थ मुद्दाम मागच्या बाकावर जाऊन बसले होते. ते म्हणाले, "बाई, इथनं मला काही दिसेना. जरा वर लिहा की." मी बरं म्हणाले, दोन ओळी वर लिहिल्या आणि पुन्हा खाली आले.

निघताना ते गृहस्थ माझ्यासोबत दारापर्यंत आले. रागावलेले नव्हते, उलट त्यांनाच वाईट वाटत असावं. म्हणाले, "तुम्हाला विषय छान येतो हो. पण तुमच्याकडं बघितलं की वाटतं, तुम्हाला ही नोकरी नकोच आहे."

घरी येताना बसमध्ये मी त्या वाक्याचा विचार करत होते. मला ती नोकरी फार हवी होती. ती मला हवी आहे हे त्यांना दिसलं कसं नाही, ते मला कळेना. मी कुणाला काही सांगितलं नाही. नुसतं अर्ज करणं सोडलं. शिकवण्या चालू होत्या, घरात कुणी नोकरीची घाई करत नव्हतं. अशी दोन वर्षं गेली.

मग दादाचं लग्न झालं आणि वहिनी घरात आली.

वहिनी गदगची, कन्नड बोलणाऱ्या घरातली. लग्न ठरल्यापासून मराठी शिकायला लागली होती आणि चुका करायला अजिबात लाजायची नाही. अप्पांना पहिल्याच आठवड्यात "अप्पा, तू जेवलास का?" असं विचारून तिनं घरभर हसू पिकवलं होतं. हुबळीतल्या एका खाजगी कंपनीत ती नोकरीला होती आणि तिथं नवीन माणसं नेमायचं काम तिच्याकडं होतं. दिवसभर लोक तिच्यासमोर येऊन बसायचे, घाबरायचे, फुशारकी मारायचे, आणि ती त्यांच्याकडं बघत राहायची. घरी आल्यावर तिची ती सवय सुटत नसे. एके दिवशी जेवताना ती माझ्याकडं बघत म्हणाली, "याक हिंग कुंती?"

म्हणजे, अशी का बसलीस. मी म्हणाले, "कशी?"

"कुणी तरी आता रागावणार आहे, अशी."

आई वाढता वाढता थांबली. जेवण झाल्यावर वहिनीनं मला बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा मी तिला तिन्ही मुलाखतींचं सांगितलं. मागच्या बाकावरच्या गृहस्थांचं वाक्यही सांगितलं. ते मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "रविवारी आपण खोटी मुलाखत करू. मला बघू दे."

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलाशी ती मॅडम होऊन बसली. मोबाइल पोह्यांच्या डब्याला टेकवून माझ्याकडं तोंड करून ठेवला. मला बाहेर पाठवलं, दार वाजवायला लावलं, आत बोलावलं. स्वतःबद्दल सांगा, हाच विषय का घेतला, वर्गात मुलं ऐकत नसतील तर काय कराल, असं सगळं तिनं गंभीर चेहऱ्यानं विचारलं. मी उत्तरं दिली. माझ्या मते बरी दिली. मग तिनं मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बघ आता. पण आवाज बंद करून."

मी बघायला लागले. आवाज नव्हता, त्यामुळं माझी उत्तरं नव्हती, मुद्दे नव्हते, गणित नव्हतं. उरली होती ती एक लांबलचक बाई, जी चौकट मागं टाकून आत आल्यावरही मान खालीच ठेवत होती. खुर्चीत बसल्यावर तिनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. हात ओढणीत गुंडाळले. प्रश्न आला की तिची नजर टेबलावर जायची आणि उत्तर संपेपर्यंत वर यायची नाही. मध्येच ती हसायची, पण तेही माफी मागितल्यासारखं. मला त्या गृहस्थांचं म्हणणं त्या क्षणी पटलं. या बाईला इथं बसायचंच नव्हतं. ती उठून जायची परवानगी मागत होती.

"ही मी?" मी विचारलं.

वहिनी म्हणाली, "ही तू नाहीस. मी तुला माडीवर शिकवताना बघितलंय, तीन वेळा जिन्यात उभी राहून. ती बाई नोकरी घेऊनच येईल. आपल्याला तिला फक्त खुर्चीवर बसवायचंय."

आम्ही वळून बघितलं तर मागं आई उभी होती. चहा घेऊन आली होती. तिनं सगळं बघितलं होतं. कप टेबलावर ठेवले आणि खाली दुकानात गेली. रविवारी दुकान बंद असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्याशी उभी होते, तेव्हा ती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. म्हणाली, "ते तुझं वाकणं माझ्यामुळं आहे."

मी म्हणाले, "काहीतरीच काय आई."

"ऐक गं जरा. माझी थोरली बहीण तुझ्याएवढीच उंच होती. बघायला आलेले लोक तिला उभं राहायला सांगायचे. ती उभी राहिली की एकमेकांकडं बघायचे, आणि मग गप्पा आटपायच्या. मी तेव्हा लहान, दाराआडून बघायची. पुढं झालं तिचं लग्न, चांगलं झालं. पण तोवर ती घरातसुद्धा भिंतीच्या कडेकडेनं चालायला लागली होती. तू वाढायला लागलीस तेव्हा मला तीच दिसायला लागली. तुला कुणी असं उभं करून बघू नये, म्हणून मी आधीच तुला वाकवत राहिले."

मावशीला मी फार लहानपणी बघितलं होतं. ती उंच होती हे मला आठवतच नव्हतं. इतकी ती वाकलेली असायची.

आई रडत नव्हती. तिनं पोळपाट बाजूला ठेवला आणि म्हणाली, "संध्याकाळी दुर्गदबैलच्या बाजारात जायचंय माझ्याबरोबर."

दुर्गदबैलच्या गर्दीतून ती मला थेट चपलांच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदार ओळखीचा. त्यानं सवयीनं सपाट चपलांचे जोड काढायला सुरुवात केली. आई म्हणाली, "त्या नको. टाचेच्या दाखवा."

दुकानदारानं माझ्याकडं वर बघितलं, मग आईकडं. "ताईंना?"

"ताईंनाच. फार उंच टाच नको, पण टाच पाहिजे."

"आई, मला आणखी उंच करतेस?" मी कानात विचारलं.

"हो," आई म्हणाली. एवढंच. तपकिरी रंगाच्या, जाड टाचेच्या त्या सँडल घालून मी दुकानाबाहेर आले, तेव्हा मला बाजाराच्या पलीकडच्या टोकापर्यंत दिसत होतं. आईचं डोकं माझ्या खांद्याच्याही खाली होतं. ती माझा दंड धरून चालत होती. समोरून एक ओळखीच्या काकू आल्या, "अगंबाई, केवढी झाली ही!" म्हणाल्या. आई म्हणाली, "आहेच ती उंच."

त्या रात्रीपासून घरात तालीम सुरू झाली. वहिनी मुख्य. ती कंपनीतून आली की चहा घेता घेता एकेक गोष्ट सांगायची आणि माझ्याकडून करून घ्यायची. तिनं मला कधी "आत्मविश्वास ठेव" असं सांगितलं नाही. ती म्हणायची, ते सांगून कुणाला येत नाही. ती अंगाचं सांगायची. दारातून आत आल्यावर थांबायचं, सगळ्यांकडं बघायचं आणि मग नमस्कार करायचा. खुर्चीत पूर्ण मागं बसायचं. पर्स खाली ठेवायची, मांडीवर नाही. हात टेबलावर ठेवायचे, समोरच्याला दिसतील असे. बोलताना हात हलले तर हलू द्यायचे. ज्यानं प्रश्न विचारला त्याच्याकडं बघून सुरुवात करायची आणि बाकीच्यांकडंही नजर फिरवून यायची. आणि सगळ्यात आधी पाय. "घाबरलीस की दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकव. बाकीचं अंग मागून येतं," असं ती म्हणायची. मी विसरून पाय खुर्चीखाली नेले की लगेच "नेट्टग कुंदर!" म्हणजे नीट सरळ बस. अप्पांना तो शब्द इतका आवडला की ते दुकानातल्या नोकरांनाही तसं म्हणायला लागले.

आईनं मुलाखत घेणाऱ्या दुसऱ्या बाई व्हायचं ठरवलं. पण तिला प्रश्न सुचायचे नाहीत. ती विचारायची, "सकाळी जेवून निघणार की डबा नेणार?" मग मी टेबलावर हात ठेवून, तिच्या डोळ्यांत बघून, अतिशय गंभीरपणे सांगायची की डबा नेणार. वहिनी हसून हसून टेबलावर डोकं टेकायची. त्या हसण्यानं माझं निम्मं भय गेलं असावं.

अप्पा या सगळ्यात काही बोलले नाहीत. ते मुळात कमीच बोलतात. दुकानात साडी अंगावर धरून बघायला एक मोठा आरसा होता. त्या आरशात मला माझं तोंड दिसायचं नाही. हनुवटीपर्यंत दिसायचं, पुढचं बघायचं तर वाकावं लागायचं. मी लहानपणापासून त्याच्यासमोर वाकतच उभी राहायची आणि आरसे असेच असतात असं समजायची. एका दुपारी मी खाली गेले तर सुतार भिंतीत नव्या खुंट्या ठोकत होता आणि अप्पा खाली उभे राहून "अजून वर, अजून थोडा वर" म्हणत होते.

"हे काय अप्पा?"

"गिऱ्हाइकं आता उंच यायला लागलीत," अप्पा म्हणाले आणि गादीवर जाऊन बसले.

सुतार गेल्यावर मी आरशासमोर उभी राहिले. पायांपासून केसांपर्यंत सगळी एकदम दिसले. मी खांदे मागं घेतले. बराच वेळ तशीच उभी होते. अप्पांनी मुद्दाम वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं.

मे महिन्यात धारवाडच्या एका कॉलेजात गणित शिकवायला माणूस पाहिजे असल्याचं कळलं. मी अर्ज केला आणि बोलावणं आलं. त्या दिवशी आई म्हणाली, "मी येते. आत नाही येणार, बाहेर बसेन." आम्ही दोघी बसनं निघालो. उणकलच्या तळ्यापाशी गर्दी वाढली, एका म्हाताऱ्या बाईंना जागा देऊन मी उभी राहिले. वरचा दांडा माझ्या हाताला सहज लागत होता. आई खाली बसून माझ्याकडं बघत होती. मी नकळत वाकायला लागले तसा तिनं हात वर केला, तळवा वर करून. आयुष्यभर ज्या हातानं ती मला खाली हो म्हणून खुणावत आली, त्याच हातानं ती मला वर हो म्हणत होती. मी सरळ झाले.

कॉलेजच्या आवारात झाडाखाली बाक होता. आई तिथं बसली आणि मी आत गेले.

आत तिघं होते. मध्ये प्राचार्या, माझ्या आईपेक्षाही ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या. त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन गृहस्थ. मी दारात थांबले, तिघांकडं बघितलं, नमस्कार केला. "बर्री, कूड्री," प्राचार्या म्हणाल्या. या, बसा. मी पूर्ण मागं बसले, पर्स खाली ठेवली, हात टेबलावर ठेवले. हात थरथरत होते आणि ते त्यांना दिसत होतं. वहिनीनं सांगितलं होतं, दिसलं तर दिसू दे, लपवू नको. मी लपवले नाहीत.

पहिले काही प्रश्न विषयाचे होते, ते बरे गेले. एका प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. मी त्या गृहस्थांकडं बघून सांगितलं, "सर, हे मला आत्ता येत नाही. बघून सांगू शकेन." पूर्वी मी हेच टेबलाकडं बघून पुटपुटले असते. त्यांनी मान हलवली आणि पुढं गेले.

मग दुसऱ्या गृहस्थांनी माझे कागद उलटले. ते खुर्चीत मागं रेलून, हातांची घडी घालून बसले होते. म्हणाले, "मधली दोन वर्षं तुम्ही काहीच केलेलं दिसत नाही. घरी बसला होता?"

त्या शब्दांनी मी आत ओढली गेले. मला माझे खांदे पुढं येताना कळले, हात टेबलावरून मांडीकडं निघाले. तीन मुलाखती, दोन वर्षं, कोरा फळा, सगळं एकदम अंगावर आलं. त्याच वेळी माझी नजर प्राचार्यांकडं गेली. त्यांनी टेबलावरचा फायलींचा ढीग हातानं बाजूला सारला, दोन्ही कोपर टेबलावर टेकवले आणि त्या माझ्याकडं झुकून बसल्या. जणू आता मी जे सांगणार होते तेच ऐकायला त्या सकाळपासून थांबल्या होत्या. मी टेबलाखाली दोन्ही पाय जमिनीवर टेकवले. हात परत वर आणले.

"घरी बसले होते, सर," मी म्हणाले, "पण सतरंजीवर, मुलांबरोबर." आणि मग मी शिकवण्यांबद्दल बोलायला लागले. बीजगणित शिकवायला साडीच्या घड्या कशा वापरते, कन्नडमधून विचार करणाऱ्या मुलाला मराठीत समजावून उपयोग नसतो हे मला कसं कळलं, गणिताच्या तासाला रडणारी एक मुलगी पुढं इंजिनीअरिंगला कशी गेली. हात हलत होते. मी प्राचार्यांकडं बघून सुरुवात केली होती, पण आता त्या गृहस्थांकडं बघत होते. कधीतरी त्यांनी हातांची घडी सोडली. घड्यांचं ऐकून ते हसले आणि म्हणाले, "हे आमच्या वर्गात करून दाखवा की आत्ताच."

शेजारच्या रिकाम्या वर्गात फळा होता. मी खडू घेतला आणि अगदी वरच्या कडेपासून लिहायला सुरुवात केली. टाचेच्या सँडलमुळं हात फळ्याच्या लाकडी चौकटीला लागत होता. प्राचार्या शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. मी मागं वळून विचारलं, "मॅडम, दिसतंय का?"

"इल्लिंद छलो काणस्तद," त्या म्हणाल्या. इथून छान दिसतंय.

बाहेर आले तेव्हा आई बाकावर सरसावून बसली. मी काही बोलायच्या आत तिनं माझ्या चालण्याकडं बघितलं आणि म्हणाली, "बरी झाली वाटतं." मी म्हणाले, "नोकरी मिळेल की नाही माहीत नाही. पण या वेळी मी तिथं होते." तिला ते कळलं असावं. कोपऱ्यावर गाडा होता, तिथं आम्ही चुरमुऱ्यांचं तिखट गिरमिट खाल्लं. माझी मिरची तिनं घेतली, कारण माझ्या डोळ्यांतून आधीच पाणी यायला लागलं होतं.

दोन दिवसांनी फोन आला. मी जिन्यातून धावत खाली आले, तुळईला डोकं आपटलं आणि कपाळ चोळतच दुकानात सांगितलं. अप्पांसमोर इलकल साड्या बघत बसलेल्या दोन बायका होत्या. अप्पा त्यांना म्हणाले, "आमची मुलगी धारवाडच्या कॉलेजात प्राध्यापक झाली." माझ्याशी ते काही बोलले नाहीत. मात्र त्या बायकांना त्यांनी चहा मागवला, आणि दुकानात आलेल्या प्रत्येकाला त्या दिवशी चहा मिळाला. वहिनीला मी फोन केला तर ती समोर कुणाची तरी मुलाखत घेत होती. ती इतक्या मोठ्यानं ओरडली की, नंतर सांगत होती, समोरचा उमेदवार घाबरून उभा राहिला.

आता मला त्या कॉलेजात बरीच वर्षं झाली. माझं लग्न झालं, नवरा माझ्यापेक्षा चार बोटं कमी आहे आणि त्याचं आम्हा दोघांनाही काही नाही. नवीन माणसं घ्यायची असतात तेव्हा मुलाखतीच्या टेबलापलीकडं कधी कधी मलाही बसवतात. उमेदवार आत आला की मी समोरच्या फायली बाजूला सारते आणि पुढं झुकून बसते. एवढं माझ्या हातात असतं. समोरचा माणूस टेबलाकडं बघून बोलत असेल तर मी घाई करत नाही. त्याच्या उत्तरातली एखादी गोष्ट पुन्हा विचारते, त्याला आवडणारी. बऱ्याचदा मान वर येते. प्रत्येक वेळी येतेच असं नाही.

गेल्या वर्षी प्राचार्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमानंतर मी त्यांच्या खोलीत गेले. त्या कपाट रिकामं करत होत्या. मी त्यांना त्या दिवसाचं सगळं सांगितलं. त्या प्रश्नानंतर तुम्ही फायली बाजूला केल्या, कोपर टेकवून पुढं झुकलात, आणि त्यामुळं मी बोलू शकले, तुमचे उपकार मी विसरले नाही, असं सगळं एका दमात सांगितलं.

त्यांनी हातातलं पुस्तक टेबलावर ठेवलं. मग ओशाळल्यासारख्या हसल्या.

"खरं सांगू का? मला तो दिवस आठवत नाही. आणि त्या वर्षी माझी पाठ इतकी दुखायची की मागं टेकून बसताच यायचं नाही. मी सगळ्यांसमोर तशीच पुढं वाकून बसायची. शिपाई आला तरी."

मला हसू आलं आणि त्यांनाही. आम्ही दोघी त्या रिकाम्या होत चाललेल्या खोलीत बराच वेळ हसत होतो. "पण ऐकत तर होता ना मॅडम?" मी शेवटी विचारलं.

"ते मात्र ऐकत होते," त्या म्हणाल्या. "घड्यांचं मला आठवतंय."

संध्याकाळी मी हुबळीला आईकडं गेले आणि तिला हे सांगितलं. मला वाटलं, तीही हसेल. ती हसली, पण लगेच म्हणाली, "पाठ दुखत असताना दिवसभर बसून सगळ्यांचं ऐकून घ्यायचं म्हणजे काय सोपं आहे? उद्या त्यांच्या घरी जाऊन ये. आणि इथनं एक चांगली साडी घेऊन जा."

मग अप्पांनी गादीवरून उठून स्वतः साडी निवडली, वहिनीनं रंग बदलायला लावला, त्यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी ठरलेली हिरवी साडी घेऊन मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले.